मेन्यू कार्ड हाती आले की बुजू नका!



एरवी आपली गाठ पडते ती खते, बियाणी, कीड-रोग आणि पीक विमा यांच्या निमित्ताने. आजचा विषय जरा वेगळा आहे. आज आपण शहरातल्या हॉटेलात जेवायला जायचे आणि तिथले इंग्रजी शिकायचे. शेतीखात्याच्या माणसाने हे काय नवीन काढले, असे तुम्ही म्हणाल. म्हणून त्याचे कारण आधी सांगतो.

दोन-तीन वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यातील बारा भाजीपाला उत्पादकांना घेऊन मी पुण्याला अभ्यासदौऱ्यावर गेलो होतो. तेथे एका खरेदीदाराने सगळ्यांना दुपारच्या जेवणाला बोलावले. हॉटेल चांगले होते. प्रत्येकाच्या हाती जाडजूड पुठ्ठ्याचे कार्ड आले. आमच्यात साठीचे एक आबा होते. शेडनेटमध्ये रंगीत ढोबळी मिरची आणि मोकळ्या रानात ब्रोकोली घेणारे, बाजार समितीत अडत्याला घाम फोडणारे. त्यांनी कार्ड उघडले, उलटेपालटे केले, मिटून बाजूला ठेवले आणि म्हणाले, “साहेब, मला आज भूक नाही. नुसता चहा सांगा.”

पहाटे चारला घर सोडलेल्या माणसाला दुपारी दोन वाजता भूक नाही! परतीच्या वाटेवर ढाब्यावर गाडी थांबली, तेव्हा याच आबांनी पिठल्याबरोबर तीन भाकरी खाल्ल्या. हात धुताना हळूच म्हणाले, “त्या कार्डावर सारं इंग्रजीत होतं साहेब. विचारलं असतं तर चारचौघांत अडाणी ठरलो असतो.”

आणि गंमत अशी की, त्या कार्डावर ब्रोकोलीचे तीन पदार्थ होते. ज्याच्या रानात ब्रोकोली पिकते, तोच तिच्या नावापुढे उपाशी बसला. चूक माझीही होती. मी माझे कार्ड वाचत बसलो, शेजारी पाहिलेच नाही.

मला त्यांना हसायचा अधिकारही नव्हता. बी. एस्सी. अ‍ॅग्री करून मी पहिल्यांदा मुलाखतीसाठी मुंबईला गेलो, तेव्हा एका उपाहारगृहात कार्डावर ‘फिंगर चिप्स’ वाचले. भेंडीला इंग्रजीत ‘लेडीज फिंगर’ म्हणतात हे पाठ होते, तिचे अबेलमॉस्कस एस्क्युलेंटस हे शास्त्रीय नावही पाठ होते. कुरकुरीत भेंडी येणार म्हणून मी ऐटीत मागणी दिली. समोर आले ते बटाट्याचे तळलेले लांब तुकडे! पदवी खिशात होती, पण कार्ड वाचता येत नव्हते.

तेव्हा पहिली गोष्ट लक्षात घ्या. इंग्रजी येणे वेगळे आणि हॉटेलातले कार्ड वाचता येणे वेगळे. त्याला साठ-सत्तर शब्द पुरतात. ड्रिप, लॅटरल, व्हेंचुरी, मल्चिंग, ग्रेडिंग हे शब्द तुम्ही शाळेत शिकला होता का? काम पडले, शब्द तोंडी बसले. हेही तसेच आहे. जो पोरगा तुम्हाला वाढायला येतो, तोही बहुधा कुठल्या तरी खेड्यातूनच आलेला असतो आणि हेच शब्द दोन-चार महिन्यांत कानांनी शिकलेला असतो.

आधी पाटी वाचा

आपण गावाकडे चहाच्या टपरीलाही ‘हॉटेल’ म्हणतो. इंग्रजीत हॉटेल म्हणजे मुक्कामाची जागा आणि जेथे फक्त खायचे ते ‘रेस्टॉरंट’. हा शब्द मूळ फ्रेंच भाषेतला आहे. त्याच्या मुळाशी ‘थकल्या माणसाला पुन्हा ताकद देणे’ असा अर्थ आहे. ‘लंच होम’ म्हणजे साधी खानावळ. ‘सेल्फ सर्व्हिस’ लिहिले असेल तर गल्ल्यावर आधी पैसे भरून कूपन घ्यायचे आणि आपले ताट आपण आणायचे. तेथे टेबलावर वाट पाहत बसू नये, कोणी येत नाही.

‘प्युअर व्हेज’ म्हणजे शुद्ध शाकाहारी. ‘परमिट रूम’ म्हणजे जेथे दारू पिण्याची परवानगी आहे ती जागा. बायका-मुले बरोबर असली तर ‘फॅमिली’ असे लिहिलेला भाग विचारावा.

‘फास्ट फूड’ या पाटीने आमच्या आईला एकदा चकवले. इंग्रजीत ‘फास्ट’ म्हणजे उपवास, हे नातवाने शाळेत शिकलेले. एकादशीचा दिवस. “आजी, इथे उपवासाचे मिळते,” म्हणून तो तिला आत घेऊन गेला आणि समोर पाव, वडे, नूडल्स! ‘फास्ट’चा दुसरा अर्थ झटपट. झटपट मिळणारे खाणे ते फास्ट फूड. त्याचा उपवासाशी संबंध नाही.

कार्डाची रचना

आपल्या पंगतीत मीठ-लिंबापासून गोडापर्यंत सगळे एकाच पानात वाढले जाते. तेथे एकामागून एक येते आणि कार्डही त्याच क्रमाने छापलेले असते. ही रचना कळली की निम्मे काम झाले.

‘सूप’ म्हणजे पातळ गरम सार किंवा कढण. ‘स्टार्टर’ म्हणजे मुख्य जेवणाआधी तोंडात टाकायचे, जसे भजी, कबाब, टिक्का. ‘मेन कोर्स’ म्हणजे मुख्य जेवण, भाजी आणि आमटी. ‘ब्रेड्स’ या शब्दाखाली पाव नव्हे, तर रोटी, नान, पराठा असतात. ‘राइस’ म्हणजे भाताचे प्रकार. ‘अकंपनीमेंट्स’ म्हणजे पापड, कोशिंबीर, ताक अशी तोंडीलावणी. ‘डेझर्ट’ म्हणजे शेवटचे गोड. ‘बेव्हरेजेस’ म्हणजे पेये.

प्रत्येक भागातून काही तरी मागितलेच पाहिजे असा नियम नाही. सरळ मेन कोर्सवर गेलात तरी कोणी नावे ठेवत नाही. काही ठिकाणी पहिल्या स्टार्टरवरच भूक भागते आणि मागची भाजी वाया जाते. म्हणून चौघांनी मिळून आधी दोन भाज्या, रोट्या आणि एक भात मागवावा. लागले तर पुन्हा सांगता येते.

‘हाफ’ म्हणजे अर्धी प्लेट, ‘फुल’ म्हणजे पूर्ण. ‘ड्राय’ म्हणजे कोरडी भाजी, ‘ग्रेव्ही’ म्हणजे रस्सा. सूप दोघांत एक हवे असेल तर ‘वन बाय टू’ म्हणावे, दोन वाट्यांत निम्मे-निम्मे येते. थाळीपुढे ‘लिमिटेड’ असेल तर ताटात आले तेवढेच, ‘अनलिमिटेड’ असेल तर पोटभर. मासळीच्या हॉटेलात किमतीच्या जागी ‘एपीएस’ अशी तीन अक्षरे दिसतात. ती ‘अ‍ॅज पर साइज’ची. म्हणजे माशाच्या आकारावर किंमत. तेथे मासा तव्यावर जाण्याआधी भाव विचारावा, नंतर विचारून उपयोग नाही.

माल आपला, नाव इंग्रजी

आता आपल्या रानात या. कॅप्सिकम म्हणजे ढोबळी मिरची. कॉलिफ्लॉवर म्हणजे फुलकोबी आणि कॅबेज म्हणजे पानकोबी. स्पिनॅच म्हणजे पालक, फेनुग्रीक म्हणजे मेथी, कोरिअँडर म्हणजे कोथिंबीर. स्प्रिंग ओनिअन म्हणजे पातीचा कांदा. ग्रीन पीज म्हणजे मटार. फ्रेंच बीन्स म्हणजे श्रावणघेवडा. बॉटल गोर्ड दुधी भोपळा, रिज गोर्ड दोडका, बिटर गोर्ड कारले. पीनट म्हणजे शेंगदाणा आणि जॅगरी म्हणजे गूळ.

कॉर्न म्हणजे मका. स्वीट कॉर्न ही गोड दाण्याची मका. बेबी कॉर्न म्हणजे मक्याचे अगदी कोवळे कणीस. रेशीम बाहेर पडल्यापासून दोन-तीन दिवसांत, दाणा भरण्याआधी ते खुडतात. मागे राहिलेला हिरवा चारा जनावरांना होतो.

भरडधान्यांचीही नावे आता कार्डावर दिसू लागली आहेत. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले, तेव्हापासून ‘मिलेट’ हा शब्द बराच चालू झाला. मिलेट म्हणजे भरडधान्य. सॉरघम म्हणजे ज्वारी, पर्ल मिलेट म्हणजे बाजरी, फिंगर मिलेट म्हणजे नाचणी. उद्या ‘पर्ल मिलेट ब्रेड विथ जॅगरी’ असे वाचलेत तर दचकू नका. ती आपली बाजरीची भाकरी आणि गुळाचा खडा.

दुधाकडे वळू. कर्ड आणि योगर्ट म्हणजे दही, बटरमिल्क म्हणजे ताक, बटर म्हणजे लोणी, क्लॅरिफाइड बटर म्हणजे तूप, कॉटेज चीज म्हणजे पनीर.

‘एक्झॉटिक व्हेजिटेबल्स’ म्हणजे परदेशी भाज्या. ब्रोकोली, झुकिनी, लेट्यूस वगैरे. नाव परदेशी, पण त्या पिकतात आपल्याच शिवारात. मंचुरियनचेही असेच. नाव चीनच्या मुलखाचे, पण हा पदार्थ नेल्सन वांग नावाच्या आचाऱ्याने १९७५ च्या सुमारास मुंबईत प्रथम केला, असे सांगतात. तेव्हा नावाच्या वजनाने दबून जाऊ नये.

फसवी नावे

काही नावे मात्र चांगलीच फसवतात. माळकरी मंडळींनी हा भाग नीट वाचावा.

‘एगप्लांट’मध्ये अंडे नसते. ते वांगे. त्यालाच ब्रिंजल आणि ऑबर्जिन अशीही नावे आहेत. स्टफ्ड एगप्लांट म्हणजे आपले भरले वांगे. ते अंड्याचे समजून परत पाठवू नका.

‘ड्रमस्टिक’चे उलट आहे. भाजीच्या पानावर हा शब्द असेल तर तो शेवगा. चिकनच्या पानावर असेल तर कोंबडीची तंगडी. शब्द एक, माल दोन. कोणत्या मथळ्याखाली छापले आहे ते पाहून मगच बोलावे.

‘बॉम्बे डक’ म्हणजे बदक नव्हे, बोंबील. ‘हॉट डॉग’मध्ये कुत्रा नसतो, पण सॉसेज म्हणजे मांसाची गुंडाळी बहुधा असते. ‘हॅम’, ‘बेकन’ आणि ‘पोर्क’ हे डुकराचे मांस. ‘प्रॉन’ म्हणजे कोळंबी, ‘क्रॅब’ म्हणजे खेकडा. ‘मेयोनीज’ हा पांढरा दाट सॉस मुळात अंड्याचा असतो. बिनअंड्याचाही मिळतो, त्याला ‘एगलेस’ म्हणतात. तेव्हा विचारून घ्यावे.

पुष्कळ कार्डांवर पदार्थापुढे हिरवी खूण शाकाहाराची आणि लाल किंवा तपकिरी खूण मांसाहाराची असते. अक्षर वाचता आले नाही तरी ती दिसते. ‘जैन’ असे लिहिले असेल तर त्यात कांदा, लसूण, बटाटा नाही असे समजावे. पण तो उपवासाचा पदार्थ असेलच असे नाही.

पेयांत दोन शब्द जन्मभर लक्षात ठेवा. ‘कॉकटेल’मध्ये दारू असते, ‘मॉकटेल’मध्ये नसते. मॉक म्हणजे लटके, खोटे. एका अक्षराच्या घोळाने घरातल्या पोरीबाळींपुढे भलताच पेला यायला नको. ‘सॉफ्ट ड्रिंक’ म्हणजे बिनदारूचे थंड पेय. ‘फ्रेश लाइम सोडा’ मागितला की ‘स्वीट ऑर सॉल्ट?’ असे विचारतात. म्हणजे गोड की खारट. आणि ‘स्वीट लाइम’ म्हणजे गोड लिंबू नव्हे, ती आपली मोसंबी.

कसे शिजवले आहे?

बॉइल्ड म्हणजे उकडलेले, स्टीम्ड म्हणजे वाफवलेले, रोस्टेड म्हणजे भाजलेले, ग्रिल्ड म्हणजे जाळीवर भाजलेले, फ्राइड म्हणजे तळलेले, मॅश्ड म्हणजे कुस्करलेले, क्रिस्पी म्हणजे कुरकुरीत. स्पाइसी म्हणजे तिखट. ज्यांना रक्तदाब किंवा मधुमेह आहे, त्यांनी हे शब्द पाठ करावेत. ‘लेस ऑइल’, ‘लेस सॉल्ट’, ‘विदाउट शुगर’ असे सांगता आले की पथ्य पाळता येते. पथ्याची गोष्ट बोलायला लाजू नये.

बोलायची वाक्ये

आपल्या महाराष्ट्रात मराठीत बोलावे, त्यात कमीपणा काही नाही. पण समोरच्याला मराठी येत नसेल, किंवा तुम्ही परराज्यात असाल, तर ही वाक्ये पुरतात.

मेन्यू प्लीज. — कार्ड द्या.
व्हॉट इज धिस? — हे काय आहे? बोट ठेवून विचारावे.
इज इट व्हेज? — हे शाकाहारी आहे का?
एनी एग इन इट? — यात अंडे आहे का?
लेस स्पाइसी, प्लीज. — तिखट कमी.
रेग्युलर वॉटर, प्लीज. — साधे पाणी द्या.
पार्सल धिस, प्लीज. — उरलेले बांधून द्या.
बिल प्लीज. — हिशेब आणा.

‘प्लीज’ म्हणजे कृपया. त्याने वाक्य सौम्य होते. आणि पाण्याचे वाक्य विसरू नका. काही ठिकाणी बसल्याबरोबर बाटलीच फोडतात. हॉटेलात बसून घेतलेल्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त आकार लावता येतो, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१७ चा निकाल आहे. म्हणून नको असेल तर आधीच ‘रेग्युलर’ म्हणावे.

काही हॉटेलांत आता कार्डाऐवजी टेबलावर चौकोनी ठिपक्यांचे चित्र असते. मोबाईलचा कॅमेरा त्यावर धरला की पडद्यावर यादी येते. ते जमत नसेल तर ‘मेन्यू कार्ड प्लीज’ म्हणावे आणि छापील कार्ड मागावे.

जेवणानंतर वाटीत कोमट पाणी आणि लिंबाची फोड आली तर ते ‘फिंगर बाउल’. त्यात बोटे बुडवून पुसायची. प्यायचे नाही. आणि चुकून प्यालात तरी लिंबूपाणीच ते, आकाश कोसळत नाही.

बिल वाचल्याशिवाय पैसे देऊ नका

बियाण्याची पावती आपण तपासतो, तसेच हे बिल. ‘क्वांटिटी’ म्हणजे किती नग, ‘रेट’ म्हणजे दर, ‘अमाउंट’ म्हणजे रक्कम, ‘सबटोटल’ म्हणजे कराआधीची बेरीज. न मागितलेला पापड किंवा पाण्याची बाटली तर त्यात नाही ना, एवढे आधी पाहावे.

त्याखाली कर. साध्या रेस्टॉरंटात नोव्हेंबर २०१७ पासून जीएसटी ५ टक्के आहे, वातानुकूलित असो वा नसो. बिलावर तो ‘सीजीएसटी’ अडीच आणि ‘एसजीएसटी’ अडीच असा दोन ओळींत दिसतो. बड्या मुक्कामी हॉटेलात तो १८ टक्केही असू शकतो. कर लावला असेल तर बिलावर दुकानाचा पंधरा अक्षर-आकड्यांचा जीएसटी क्रमांक हवा. महाराष्ट्रातला हा क्रमांक २७ ने सुरू होतो. लहान हॉटेलवाल्याने ‘कंपोझिशन’ योजना घेतली असेल तर त्याला गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही.

‘सर्व्हिस चार्ज’ हा सरकारी कर नव्हे. ती हॉटेलने आपल्या नोकरांच्या सेवेसाठी लावलेली रक्कम. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी सांगितले की, ही रक्कम हॉटेलने परस्पर बिलात घालू नये आणि ग्राहकावर सक्ती करू नये. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ही मार्गदर्शक तत्त्वे उचलून धरली.

आकड्यांत पाहा. जेवण ६४० रुपयांचे झाले. पाच टक्के जीएसटी ३२ रुपये. एकूण ६७२. आता त्यात दहा टक्के सर्व्हिस चार्ज, म्हणजे ६४ रुपये घातले आणि वर कर लावला, तर बिल होते ७३९ रुपये २० पैसे. सदुसष्ट रुपयांचा फरक पडला. तेव्हा शांतपणे म्हणावे, ‘रिमूव्ह सर्व्हिस चार्ज, प्लीज.’ ऐकले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ‘टिप’ म्हणजे खुशीने दिलेली बक्षिसी. वाढपी पोराने अगत्याने वाढले असेल तर ती जरूर द्यावी, पण ती तुमच्या खुशीची.

घरच्या घरी सराव

हे पान कापून स्वयंपाकघरात चिकटवा. रोज पाच शब्द घ्या. भाजी निवडताना लेकीने विचारावे, ‘आई, दोडक्याला काय म्हणतात?’ कारभारणीने सांगावे, ‘रिज गोर्ड.’ चुकले तर हसावे आणि पुन्हा म्हणावे. रविवारी मुलांना वहीच्या कागदावर मेन्यू कार्ड लिहू द्या. घरात जे शिजले तेच, पण इंग्रजी नावाने. एकाने वाढपी व्हावे, आजोबांनी गिऱ्हाईक. शेवटी बिलही करावे, टक्केवारीचा सराव होतो. पंधरा दिवसांत सगळे घर तयार होईल.

घरातल्या बाईमाणसालाही कार्ड द्या. पुष्कळदा शहरात गेल्यावर पुरुष मागणी देतो आणि ती समोर येईल ते निमूट खाते. आयुष्यभर दुसऱ्याला वाढणाऱ्या बाईने एक दिवस तरी स्वतःच्या मनाचे मागून खावे.

आता आबांचे काय झाले ते सांगतो. दौऱ्यानंतर मी त्यांना असाच एक कागद लिहून दिला होता. गेल्या वर्षी मुलीच्या कॉलेज प्रवेशासाठी ते तिघे पुण्याला गेले, तेव्हा तो घडी घातलेला कागद खिशात होता. आबांनी कार्ड स्वतः वाचले. मुलगी मदतीला पुढे सरसावली, तिला म्हणाले, “थांब, मला बघू दे.” ब्रोकोलीच्या पदार्थापुढे किंमत होती ३४० रुपये. प्लेट आली. त्यांनी चमच्याने तुरे मोजले. “साहेब, पावशेरसुद्धा नव्हती हो,” ते मला म्हणाले. “आणि मी त्या आठवड्यात किलो दिली होती चाळीस रुपयांनी.”

निघताना ते गल्ल्यावर गेले आणि मॅनेजरला विचारले, “ही ब्रोकोली तुम्ही कोठून घेता? मी पिकवतो.” मॅनेजरने त्यांचा मोबाईल नंबर लिहून घेतला. अजून फोन आलेला नाही. कदाचित येणारही नाही. पण ज्या माणसाने भूक असून भूक नाही म्हटले होते, त्याने आपल्या मालाचा ठिकाणा विचारला, हे मला पुरेसे वाटते. आता आबांनी गावातल्या आणखी चौघांना तो कागद उतरवून दिला आहे.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी शहरात कोणी कार्ड हाती दिले तर ते मिटून ठेवू नका. उघडा, बोट ठेवा आणि विचारा. त्यातले निम्मेअधिक तुमच्याच रानातून गेलेले आहे.